उघडी फाइल कोणाच्या हाती?

लिनक्स संगणकावरील एका उपयुक्त आज्ञेचा परिचय

कार्यालयात एखादी नस्ती सापडत नाही, तेव्हा ती बहुधा हरवलेली नसते. ती कोणाच्या तरी टेबलावर असते. म्हणूनच ‘नस्ती कोठे आहे?’ या प्रश्नापेक्षा ‘नस्ती कोणाकडे आहे?’ हा प्रश्न प्रशासनात अधिक महत्त्वाचा ठरतो. आवक-जावक नोंदवही, कार्यविवरण नोंदवही, नस्तीच्या हालचालीची नोंद ही सारी साधने या एकाच प्रश्नाचे उत्तर वेळेवर मिळावे म्हणून निर्माण झाली. महाराष्ट्र राज्याने तर शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्या आणि कामातील विलंब यांविषयीच्या २००५ च्या अधिनियमाद्वारे, सर्वसाधारणपणे कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा अधिक काळ प्रलंबित राहू नये, असा दंडकच घालून दिला आहे.

आता नस्त्या, नोंदवह्या आणि दाखले मोठ्या प्रमाणावर संगणकात साठविले जात आहेत. कपाटे कमी झाली, गठ्ठे कमी झाले. परंतु मूळ प्रश्न मात्र तसाच राहिला. संगणकातील फाइलही कोणाच्या तरी हाती असते. फरक एवढाच, की ती धरून ठेवणारा हात लिपिकाचा नसून चालू असलेल्या एखाद्या आज्ञावलीचा असतो, आणि त्या हाताला सात दिवसांची मर्यादा लागू नाही. एखादी आज्ञावली एकच फाइल महिनोन्महिने धरून बसू शकते. त्यापायी साठवणुकीची जागा भरते, पेन ड्राइव्ह सुटत नाही, सेवा बंद पडते आणि खिडकीपाशी आलेल्या नागरिकाला ‘सर्व्हर बंद आहे’ हे उत्तर ऐकून परतावे लागते. अशा वेळी फाइल कोणाच्या हाती आहे हे क्षणार्धात सांगणारी एक आज्ञा लिनक्स या संगणक प्रणालीत उपलब्ध आहे. तिचा परिचय करून देणे हा या लेखाचा उद्देश होय.

खारघर आणि लिनक्स

सिडकोने नियोजनपूर्वक वसविलेले खारघर २०१६ साली पनवेल महानगरपालिकेत समाविष्ट झाले. तोपर्यंत तेथे ग्रामपंचायत होती. याच खारघरच्या रेल्वे स्थानकासमोर प्रगत संगणन विकास केंद्र, अर्थात सी-डॅक, या केंद्र सरकारच्या संस्थेचे संकुल आहे. त्याचा टपाली पत्ता बेलापूरचा असला, तरी विद्यार्थ्यांच्या तोंडी ते ‘खारघरचे सी-डॅक’ म्हणूनच रुळले आहे. तेथे चालणाऱ्या प्रगत संगणनाच्या सहा महिन्यांच्या पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रमात संगणकाच्या कार्यप्रणालीचा अभ्यास अंतर्भूत आहे.

या संस्थेची परंपरा जुनी आहे. मुंबईत जुहू येथे १९८५ मध्ये राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र सुरू झाले. देशातील शिक्षण व संशोधन संस्थांना संगणकाच्या जाळ्याने जोडणाऱ्या ‘अर्नेट’ या प्रकल्पात त्याचा सहभाग होता. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली आणि २००३ मध्ये मुंबईचे हे केंद्र सी-डॅकमध्ये विलीन करण्यात आले. सी-डॅकच्याच चेन्नई केंद्राने २००७ मध्ये ‘बॉस’ ही भारतीय भाषांना सामावून घेणारी लिनक्स प्रणाली सादर केली. मराठीचा समावेश तीत आहे.

लिनक्सचे मूळ मात्र सातासमुद्रापलीकडचे आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्स ही प्रणाली विकसित केली. तिच्या धर्तीवर, फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये नव्या प्रणालीचा गाभा लिहिला आणि तो सर्वांसाठी खुला केला. आज जगातील बहुसंख्य सर्व्हर लिनक्सवर चालतात. अँड्रॉइड दूरध्वनीच्या अंतरंगातही लिनक्सचाच गाभा असतो. तेव्हा हा विषय केवळ तज्ज्ञांचा आहे, असे समजण्याचे कारण नाही.

‘उघडी फाइल’ म्हणजे काय?

संगणकात साठविलेली आज्ञावली स्वतःहून काही करीत नाही. ती चालू केली की तिची ‘प्रक्रिया’ बनते. प्रत्येक प्रक्रियेला प्रणाली एक क्रमांक देते. त्यास प्रक्रिया क्रमांक म्हणतात. एखाद्या प्रक्रियेला फाइल वाचावयाची किंवा तीत लिहावयाचे असेल, तर तिला प्रथम प्रणालीच्या गाभ्याकडे तशी मागणी करावी लागते. मागणी मान्य झाली की गाभा तिला एक छोटा अंक देतो. कार्यालयात अभिलेखपालाकडून नस्ती घेताना मिळणाऱ्या टोकनासारखाच हा प्रकार आहे. प्रक्रिया पुढे सर्व व्यवहार या अंकाच्या आधारे करते. काम संपल्यावर तिने तो परत करावयाचा असतो. तो परत होईपर्यंत ती फाइल ‘उघडी’ समजली जाते.

०, १ आणि २ हे तीन अंक परंपरेने राखीव आहेत. शून्यावरून प्रक्रिया माहिती आत घेते, एकवरून उत्तर बाहेर टाकते आणि दोनवरून चुकांचे संदेश देते. त्यामुळे प्रक्रियेने स्वतः उघडलेल्या पहिल्या फाइलला बहुधा ३ हा अंक मिळतो.

येथे युनिक्स परंपरेचे आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. या परंपरेत ‘फाइल’ या शब्दाची व्याप्ती फार मोठी आहे. मजकुराची फाइल ही फाइल आहेच. परंतु निर्देशिका, कळफलक व पडदा, मुद्रणयंत्र, एका प्रक्रियेकडून दुसऱ्या प्रक्रियेकडे माहिती वाहून नेणारी नळी, किंबहुना इंटरनेटवरून दूरच्या संगणकाशी जोडलेला दुवा या साऱ्यांशी प्रक्रिया तशाच अंकाच्या आधारे व्यवहार करते. म्हणून उघड्या फाइलींची यादी पाहणे म्हणजे संगणकाचे या क्षणी कोणाकोणाशी काय चालले आहे, याचा संपूर्ण ताळेबंद पाहणे होय.

आणखी एक बारकावा असा, की फाइल पडद्यावर दिसणे आणि ती उघडी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मजकूर संपादित करण्याच्या अनेक आज्ञावल्या फाइल वाचून लगेच बंद करतात आणि जतन करण्याच्या वेळी पुन्हा उघडतात. नस्तीची प्रत काढून मूळ नस्ती तत्काळ परत करणाऱ्या शिस्तप्रिय लिपिकासारखे हे वर्तन आहे.

चार अक्षरांची आज्ञा

लिनक्सवर टर्मिनल नावाची एक खिडकी असते. तीत कळफलकाने आज्ञा लिहावयाची आणि एंटर कळ दाबावयाची, की उत्तर मिळते. उघड्या फाइलींची यादी देणारी आज्ञा ‘एलएसओएफ’ ही आहे. एल, एस, ओ, एफ ही चार रोमन अक्षरे छोट्या लिपीत, मध्ये जागा न सोडता टंकित करावीत. ‘उघड्या फाइलींची यादी करा’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांतून ही अक्षरे घेतलेली आहेत.

ही आज्ञावली अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचे व्हिक्टर एबेल यांनी लिहिली आणि अनेक वर्षे सांभाळली. पुढे तिची जबाबदारी स्वयंसेवकांच्या समूहाने घेतली. ती मुक्त स्वरूपाची असून विनामूल्य मिळते. काही संगणकांवर ती आधीच बसविलेली असते. नसल्यास प्रणालीच्या अधिकृत भांडारातून बसविता येते.

ही माहिती ती आणते कोठून? लिनक्समध्ये ‘प्रॉक’ नावाची एक विशेष निर्देशिका असते. तिच्यातील मजकूर डिस्कवर लिहिलेला नसतो. जो विचारील त्याला गाभा त्या क्षणीची स्थिती तेथे दाखवितो. प्रत्येक चालू प्रक्रियेच्या क्रमांकाची एक उपनिर्देशिका तेथे असते आणि तीत त्या प्रक्रियेच्या हाती असलेल्या फाइलींचे अंक नोंदलेले असतात. एलएसओएफ ही सारी पाने चाळून एक सलग तक्ता तयार करते. ही आज्ञा काहीही बदलत नाही, बंद करीत नाही, पुसत नाही. ती केवळ पाहते व सांगते. म्हणूनच नवशिक्यानेही ती निःशंकपणे वापरावी.

उत्तर कसे वाचावे?

नुसती आज्ञा दिली, तर हजारो ओळींचे उत्तर मिळते. ते पाहून गांगरून जाण्याचे कारण नाही. प्रत्येक ओळ म्हणजे एका प्रक्रियेच्या हाती असलेली एक फाइल. पहिल्या स्तंभात आज्ञावलीचे नाव, दुसऱ्यात प्रक्रिया क्रमांक आणि तिसऱ्यात ती कोणाच्या नावे चालू आहे त्या वापरकर्त्याचे नाव असते. नस्तीच्या भाषेत सांगावयाचे, तर कार्यासन, कर्मचारी क्रमांक आणि अधिकारी.

चौथा स्तंभ सर्वांत महत्त्वाचा. त्यात वर उल्लेखिलेला अंक असतो. अंकापुढे ‘आर’ हे अक्षर असेल, तर फाइल वाचण्यासाठी उघडली आहे. ‘डब्ल्यू’ असेल, तर लिहिण्यासाठी. आणि ‘यू’ असेल, तर दोन्हींसाठी. काही ओळींत अंकाऐवजी शब्द दिसतो. ‘सीडब्ल्यूडी’ म्हणजे प्रक्रिया सध्या ज्या निर्देशिकेत उभी आहे ती. ‘टीएक्सटी’ म्हणजे आज्ञावलीची स्वतःची फाइल. ‘एमईएम’ म्हणजे स्मृतीत जोडून घेतलेली फाइल. पुढील स्तंभांत फाइलचा प्रकार, ती ज्या साधनावर आहे त्याचा क्रमांक, आकार आणि फाइलचा नोंद क्रमांक येतो. शेवटच्या स्तंभात फाइलचे नाव आणि संपूर्ण मार्ग असतो.

नेमका प्रश्न, नेमके उत्तर

या आज्ञेचे खरे सामर्थ्य नेमका प्रश्न विचारण्यात आहे. आज्ञेपुढे एखाद्या फाइलचे नाव लिहिले, तर ती फाइल कोणाकोणाच्या हाती आहे एवढेच सांगितले जाते. उणे चिन्ह आणि ‘यू’ लिहून पुढे वापरकर्त्याचे नाव दिले, तर त्या व्यक्तीच्या नावे उघडलेल्या फाइली दिसतात. उणे ‘पी’ आणि प्रक्रिया क्रमांक दिल्यास त्या प्रक्रियेच्या हातातील सर्व काही दिसते. उणे ‘सी’ आणि आज्ञावलीच्या नावाची आद्याक्षरे दिल्यास त्या नावाच्या सर्व प्रक्रियांची माहिती मिळते.

येथे एक खाच आहे. दोन अटी एकत्र दिल्यास ही आज्ञा सामान्यतः ‘ही किंवा ती’ असा अर्थ घेते. ‘ही आणि ती’ असा अर्थ हवा असेल, तर उणे ‘ए’ जोडावे लागते. हा बारकावा माहीत नसल्याने अनेकांना अपेक्षेपेक्षा भलतेच मोठे उत्तर मिळते.

पेन ड्राइव्ह किंवा बाह्य डिस्क काढतेवेळी ‘साधन व्यग्र आहे’ असा संदेश येणे, हा नेहमीचा अनुभव होय. त्या वेळी ती ओढून काढल्यास अर्धवट लिहिली गेलेली माहिती खराब होण्याचा धोका असतो. अशा वेळी आज्ञेपुढे ती डिस्क ज्या निर्देशिकेवर जोडली आहे तिचे नाव द्यावे, म्हणजे ती कोणी धरून ठेवली आहे ते कळते. पुष्कळदा उत्तर मोठे गमतीचे असते. टर्मिनलची खिडकीच त्या निर्देशिकेत ‘उभी’ असते, म्हणजे चौथ्या स्तंभात ‘सीडब्ल्यूडी’ दिसते. तिला दुसऱ्या निर्देशिकेत नेले की डिस्क मोकळी होते.

पुसलेली फाइल जागा अडवते तेव्हा

आता या विषयातील सर्वांत महत्त्वाच्या आणि सर्वाधिक घोटाळा करणाऱ्या प्रश्नाकडे वळू.

समजा, दाखले देणाऱ्या एका सर्व्हरची डिस्क भरली. तेथील कर्मचाऱ्याने शोध घेतला, तेव्हा दैनंदिन घडामोडींची नोंद ठेवणारी एक प्रचंड मोठी फाइल आढळली. ती निरुपयोगी समजून त्याने पुसून टाकली. निर्देशिकेतून नाव नाहीसे झाले. तरीही डिस्क भरलेलीच. एकूण वापर सांगणारी ‘डीएफ’ ही आज्ञा डिस्क पूर्ण भरल्याचे दाखविते, तर फाइलींची बेरीज करणारी ‘डीयू’ ही आज्ञा निम्मीही जागा वापरात नसल्याचे सांगते. दोन्ही आज्ञा आपापल्या परीने खरे बोलत असतात. मग उरलेली जागा गेली कोठे?

याचे उत्तर युनिक्सच्या रचनेत आहे. निर्देशिकेतील नाव ही केवळ पाटी होय. फाइलची खरी नोंद वेगळी असते आणि पाटी त्या नोंदीकडे बोट दाखविते. ‘पुसणे’ म्हणजे पाटी काढून टाकणे. शेवटची पाटी निघाली आणि कोणत्याही प्रक्रियेच्या हाती ती फाइल उरली नाही, या दोन्ही गोष्टी घडल्या, तरच गाभा जागा मोकळी करतो. वरील उदाहरणात पाटी गेली. परंतु दाखले देणाऱ्या आज्ञावलीच्या हाती फाइल तशीच राहिली. एवढेच नव्हे, तर ती आज्ञावली त्या बेनावाच्या फाइलमध्ये लिहीतच आहे आणि फाइल वाढतच आहे. ‘डीयू’ पाट्या मोजते, म्हणून तिला ती दिसत नाही; ‘डीएफ’ प्रत्यक्ष जागा मोजते, म्हणून तिला ती दिसते.

अशी पाटी नसलेली फाइल शोधण्यासाठी एलएसओएफपुढे अधिक चिन्ह, मोठ्या लिपीतील ‘एल’ आणि १ हा अंक, असे सलग लिहावे. ज्यांच्या पाट्यांची संख्या एकपेक्षा कमी, म्हणजे शून्य आहे, अशा उघड्या फाइलींची यादी मिळते. लिनक्सवर त्या नावांपुढे ‘डिलीटेड’ असा शेराही असतो. कोणत्या प्रक्रियेने ती धरली आहे हे कळल्यावर ती सेवा रीतसर बंद करून पुन्हा सुरू करावी. फाइल आपोआप सुटते आणि जागा तत्क्षणी मोकळी होते.

यातून पुढील काळासाठीही धडा मिळतो. चालू सेवेची नोंद-फाइल पुसू नये. ती रिकामी करावी, अथवा नोंदी ठरावीक मुदतीने आपोआप बाजूला काढण्याची व्यवस्था करावी. लिनक्सवर ‘लॉगरोटेट’ नावाची आज्ञावली हेच काम करते. जुन्या फाइलचे नाव बदलल्यावर सेवेला ‘आता नवी फाइल उघड’ असा इशारा पोचला पाहिजे, हे मात्र पाहावे लागते. अन्यथा सेवा जुन्याच फाइलमध्ये लिहीत राहते.

चुकून पुसलेली फाइल

याच रचनेचा एक मोठा लाभही आहे. महत्त्वाची फाइल चुकून पुसली गेली आणि ती अद्याप एखाद्या चालू प्रक्रियेच्या हाती असेल, तर ती परत मिळविता येते. एलएसओएफने प्रक्रिया क्रमांक आणि फाइलचा अंक सांगितला की ‘प्रॉक’ निर्देशिकेत, त्या प्रक्रियेच्या खाली, त्या अंकाच्या नावाने फाइलचा मजकूर वाचता येतो आणि त्याची नवी प्रत दुसरीकडे उतरवून घेता येते.

मात्र त्यासाठी एक पथ्य पाळावे लागते. गोंधळून जाऊन संगणक बंद करू नये व ती सेवाही थांबवू नये. वीज गेली किंवा प्रक्रिया संपली की शेवटचा हात सुटतो आणि ही वाट कायमची बंद होते. अर्थात हा उपाय केवळ आणीबाणीचा आहे; नियमित प्रती काढून ठेवण्याच्या शिस्तीला तो पर्याय ठरू शकत नाही.

नवी आवृत्ती आली, जुनी मात्र चालूच

हीच गोष्ट सुरक्षिततेच्या बाबतीतही घडते. एप्रिल २०१४ मध्ये ‘ओपन-एसएसएल’ या सुरक्षाविषयक आज्ञावलीत ‘हार्टब्लीड’ नावाने ओळखला गेलेला गंभीर दोष उघडकीस आला. दुरुस्त आवृत्ती त्वरित उपलब्ध झाली आणि जगभरच्या सर्व्हरांवर ती बसविण्यात आली. परंतु जी सेवा आधीपासून चालू होती, तिच्या स्मृतीत जुनी, सदोष आवृत्तीच जोडलेली होती. नवी फाइल डिस्कवर आली, तरी जुनी फाइल हाती धरलेली सेवा पूर्ववत असुरक्षित राहिली.

अशा सेवा ओळखण्यासाठी एलएसओएफचा फार उपयोग होतो. स्मृतीत जोडलेली परंतु डिस्कवरून नाहीशी झालेली फाइल चौथ्या स्तंभात ‘डीईएल’ या अक्षरांनी दर्शविली जाते. त्या सेवा पुन्हा सुरू केल्या, म्हणजेच दुरुस्ती खऱ्या अर्थाने अमलात येते. शासन निर्णय निघाला तरी टेबलावर जुनेच परिपत्रक असेल, तर काम जुन्याच रीतीने होत राहते, यासारखेच हे आहे.

दारे आणि मर्यादा

इंटरनेटवरील दुवेही फाइलींतच मोडतात, हे वर सांगितले आहे. उणे ‘आय’ हा पर्याय दिल्यास असे सर्व दुवे दिसतात. प्रत्येक सेवा संगणकाच्या एका क्रमांकित दारावर बसलेली असते. सामान्य संकेतस्थळांसाठी ८०, सुरक्षित संकेतस्थळांसाठी ४४३ आणि दुरून प्रवेश करण्यासाठी २२ हे क्रमांक रूढ आहेत. पर्यायापुढे अपूर्णविराम आणि दाराचा क्रमांक लिहिला की त्या दारावर कोण बसले आहे ते कळते. नवी सेवा सुरू करताना ‘दार आधीच वापरात आहे’ असा नकार मिळाल्यास याचा उपयोग होतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, बसविल्याचे कोणालाच आठवत नाही अशी एखादी सेवा बाहेरच्या जगासाठी दार उघडून बसली असेल, तर तीही या यादीत दिसते.

प्रत्येक प्रक्रियेने एका वेळी किती फाइली उघडाव्यात, यालाही मर्यादा असते. अनेक लिनक्स संगणकांवर ती प्रारंभी १०२४ ठेवलेली असते व गरजेनुसार वाढविता येते. फाइली उघडून बंद करण्यास विसरणारी सदोष आज्ञावली हळूहळू या मर्यादेपर्यंत जाते आणि ‘अतिशय अधिक फाइली उघड्या आहेत’ असे सांगून नवे काम नाकारू लागते. अशा वेळी मर्यादा वाढविणे हा तात्पुरता उपाय झाला. काही तासांच्या अंतराने उणे ‘पी’ हा पर्याय वापरून यादी घ्यावी. एकाच प्रकारच्या ओळी सतत वाढत असतील, तर दोष आज्ञावलीत आहे, असे समजून ती तयार करणाऱ्याकडे पुराव्यासह दुरुस्तीची मागणी करावी.

घ्यावयाची दक्षता

या आज्ञेचा उपयोग करताना काही गोष्टी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. सामान्य वापरकर्त्याला स्वतःच्या प्रक्रियांची माहिती पूर्णपणे मिळते, इतरांची मिळत नाही. म्हणून यादी रिकामी आली, तर फाइल कोणाकडेच नाही असा निष्कर्ष घाईने काढू नये. संपूर्ण उत्तर प्रशासकाच्या अधिकारानेच मिळते. त्याचबरोबर, या यादीतून कोण कोणत्या फाइलीवर काम करीत आहे हे उघड होते. तेव्हा ती गोपनीय कागदपत्रासारखीच हाताळावी.

दुसरे असे, की दोषी प्रक्रिया सापडताच तिला बळाने संपविण्याचा मोह टाळावा. लिहिण्यासाठी उघडलेल्या फाइलच्या बाबतीत असे केल्यास माहिती अर्धवट राहू शकते. आधी सेवा रीतसर थांबविण्याचा प्रयत्न करावा. सक्ती हा शेवटचा उपाय समजावा. जाळ्यावरील दूरच्या डिस्क जोडलेल्या असतील व त्या प्रतिसाद देत नसतील, तर ही आज्ञा रेंगाळू शकते. नावे शोधण्यात वेळ जाऊ नये म्हणून उणे ‘एन’ आणि मोठ्या लिपीतील उणे ‘पी’ हे पर्याय जोडावेत. म्हणजे पत्ते व दारे केवळ अंकांत दाखविली जातात आणि उत्तर लवकर येते.

शाळेत करता येण्याजोगा प्रयोग

शाळेच्या संगणक कक्षात लिनक्स असलेला एक जरी संगणक असला, तरी शिक्षकांना पुढील प्रयोग काही मिनिटांत करून दाखविता येईल. एक छोटी मजकूर-फाइल तयार करावी. टर्मिनलच्या पहिल्या खिडकीत ‘टेल’ ही आज्ञा उणे ‘एफ’ या पर्यायासह त्या फाइलवर चालवावी; ती फाइलचे शेवटचे भाग दाखवीत वाट पाहत राहते. दुसऱ्या खिडकीत एलएसओएफपुढे फाइलचे नाव लिहावे. ‘टेल’चे नाव, तिचा प्रक्रिया क्रमांक आणि बहुधा ३ हा अंक व त्यापुढे ‘आर’ दिसेल.

आता दुसऱ्या खिडकीतूनच ‘आरएम’ या आज्ञेने फाइल पुसावी. निर्देशिकेत ती दिसणार नाही. परंतु पाटी नसलेल्या फाइलींची यादी मागितल्यास ती ‘डिलीटेड’ या शेऱ्यासह पुन्हा समोर येईल. शेवटी पहिल्या खिडकीत कंट्रोल आणि सी या कळा एकत्र दाबून ‘टेल’ थांबवावी व तीच यादी पुन्हा मागावी. आता ती फाइल यादीतही नसेल. नाव, नोंद आणि ती हाती धरणारा यांतील भेद विद्यार्थ्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहावयास मिळेल. पाठ्यपुस्तकातील व्याख्येपेक्षा हा अनुभव अधिक काळ स्मरणात राहील.

जाणती देखरेख

पंचायत सदस्याने किंवा कार्यालयप्रमुखाने ही आज्ञा स्वतः द्यावी, अशी अपेक्षा नाही. विहिरीचे बांधकाम सदस्य स्वतः करीत नाहीत; पण विटा किती लागल्या आणि पाणी कोठून येते, हे विचारण्याचा हक्क व जबाबदारी त्यांची असते. संगणक व्यवस्थेचा ठेका घेणाऱ्यासही असेच साधे, नेमके प्रश्न विचारता येतात. सर्व्हरची जागा भरली, तर ती कोणत्या फाइलीने? ती फाइल कोणत्या सेवेच्या हाती होती? नोंदी आपोआप बाजूला काढण्याची सोय आहे काय? सुरक्षा दुरुस्तीनंतर सेवा पुन्हा सुरू केल्या काय? बाहेरच्या जगासाठी कोणती दारे उघडी आहेत? यांपैकी बहुतेक प्रश्नांची उत्तरे शोधण्यास याच चार अक्षरांच्या आज्ञेची मदत होते. तेव्हा ‘सर्व्हरला काहीतरी झाले आहे’ या मोघम उत्तरावर समाधान मानण्याची आवश्यकता नाही.

नस्तीवरील नाव खोडल्याने प्रकरण निकाली निघत नाही. ज्याच्याकडे ती आहे त्याने ती हातावेगळी करावी लागते. कागदाच्या कारभाराने अनुभवाने शिकलेले हे सत्य संगणकाच्या कारभारालाही तितकेच लागू आहे. नवे दालन बांधण्यापूर्वी, नवी डिस्क खरेदी करण्यापूर्वी आणि नागरिकाला उद्या या म्हणण्यापूर्वी, ‘फाइल कोणाच्या हाती आहे?’ एवढे विचारण्याची सवय कार्यालयोकार्यालयी रुजली, तर लोकांचा वेळ आणि लोकांचा पैसा या दोहोंची बचत होईल, यात शंका नाही.